थंडीआधी चूल झाडा, धुराडे झाडा



दसरा होऊन गेला की आपल्याकडे पाऊस पाठ फिरवतो. भात पिवळे पडते. कापणी सुरू होते. पहाटे गोधडी अंगावर ओढून घ्यावीशी वाटते. आता थंडी येणार, हे सांगायला पंचांग लागत नाही.

थंडीत घरातला विस्तव वाढतो. पहाटे अंघोळीला कढत पाणी लागते. म्हाताऱ्या माणसांना शेक लागतो. घरात बाळंतीण असली तर तिच्या खोलीत शेगडी जाते. आणि त्याच वेळी आपण दारे-खिडक्या घट्ट लावून घेतो. म्हणजे विस्तव वाढला आणि वारा कमी झाला. या दोन गोष्टी एकत्र आल्या की घरात धोका येतो. म्हणून थंडी पडण्याआधीच चूल, बंब आणि धुराडे नीट करून ठेवावे. ते कसे करावे, हे या धड्यात आपण वाचू.

आमचे गाव शीळफाट्याजवळ आहे. शीळफाटा म्हणजे रस्त्यांचा तिठा. एक रस्ता मुंब्र्याकडे जातो, एक पनवेलकडे, एक कल्याणकडे. आता इथे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. रात्रंदिवस मोटारी धावतात. पण त्यांच्या आड शीळ, डायघर, पडले, खिडकाळी, देसाई ही जुनी गावे आहेतच. तिथल्या पुष्कळ घरांत ओट्यावर गॅस आहे आणि मागच्या पडवीत चूलही आहे. सिलिंडर संपला, पाहुणे आले, तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या झाल्या, हंडाभर पाणी तापवायचे झाले, की चूल पेटते. घरोघरी मातीच्या चुली ही म्हण आपण उगाच म्हणत नाही. चूल आहे, तर तिची निगाही हवी.

१. एका रात्रीची गोष्ट

आधी आमच्याच घरची एक गोष्ट सांगतो. गोष्ट चाळीस वर्षांमागची आहे. १९८५ साल नुकतेच लागले होते. पौषाची थंडी होती. आमची बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मूल बारा दिवसांचे होते.

बाळंतिणीला वारा लागू नये, असे आजीचे म्हणणे. आम्ही तेव्हा नुकते मास्तर झालो होतो. शिकलेले होतो. तरी आम्हीच खोलीच्या खिडकीत गोणपाट कोंबले. कुडाच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. आईने शेगडीत लाल निखारे भरले आणि शेगडी बाजेखाली सरकवली. दार लावले. निखाऱ्यांना धूर नव्हता, म्हणून सगळे निर्धास्त झोपलो.

पहाटे आई पाणी द्यायला गेली. हाका मारल्या तर बहीण डोळे उघडीना. उशाशी उलटी झालेली होती. मूल रडत नव्हते, मान टाकून पडले होते. घरात एकच आकांत झाला. आजी म्हणाली, "पोरीला बाहेरचं लागलं." एक जण भगताला बोलवायला धावला.

तेवढ्यात म्हातारी सुईण आली. तिला अक्षर येत नव्हते. तिने खोलीत पाऊल टाकले आणि ओरडली, "आधी दार उघडा! पोरीला नि लेकराला बाहेर आणा. ही शेगडी कोनी ठेवली आत?" आम्ही दोघांना उचलून अंगणात आणले. थंडी होती, म्हणून वरून घोंगडी घातली. उघड्या हवेत थोड्या वेळाने बहीण हलली. मग मूल रडले. ते रडणे ऐकून आमच्या आईने भुईवर डोके टेकले. पुढे ट्रकमधून दोघांना दवाखान्यात नेले. दोघे वाचली. ते मूल म्हणजे आमची भाची. आज ती स्वतः दोन मुलांची आई आहे.

त्याच आठवड्यात आम्ही शाळेत मुलांना 'हवा' हा धडा शिकवला होता. फळ्यावर लिहिले होते, 'हवेशिवाय जीव जगत नाही.' शाळेत फळ्यावर हवा आणि घरात खिडकीत गोणपाट! ही लाज आम्ही आजही विसरलो नाही. म्हणूनच हा धडा लिहायला घेतला.

२. विस्तव आणि वारा

लाकूड जळायला हवा लागते. हवेत ऑक्सिजन नावाचा वायू असतो. त्यालाच आपण प्राणवायू म्हणतो. चुलीत भरपूर हवा गेली आणि सरपण कोरडे असले, तर लाकूड नीट जळते. ज्योत उजळ दिसते. धूर थोडा होतो.

हवा कमी पडली, किंवा लाकूड ओले असले, तर ते अर्धवट जळते. मग धूर होतो. धूर म्हणजे न जळलेल्या लाकडाचे बारीक कण आणि वायू. ते डोळ्यांत गेले की डोळे चुरचुरतात. छातीत गेले की खोकला येतो. वर्षानुवर्षे गेले तर दमा आणि फुप्फुसाचे दुखणे जडते. २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालची २ लाखांहून अधिक मुले होती.

अर्धवट जळण्यातून आणखी एक वायू निघतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. हा वायू दिसत नाही. त्याला वास नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही. आपले रक्त प्राणवायू वाहून नेते. पण हा वायू छातीत गेला की रक्त प्राणवायूला सोडून यालाच धरून बसते. प्राणवायूपेक्षा हा वायू रक्ताला दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. मग शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातपाय गळतात. माणूस झोपेत असला तर तसाच बेशुद्ध होतो.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. धूर नाही म्हणजे विष नाही, असे समजू नका. आमच्या बहिणीच्या खोलीत धूर नव्हता. लाल निखारे होते.

आता धुराड्याचे काम पाहू. गरम हवा हलकी असते. ती वर जाते. धुराड्यातून गरम हवा वर गेली की चुलीच्या तोंडातून नवी हवा आत ओढली जाते. म्हणजे धुराडे दोन कामे करते. धूर बाहेर नेते आणि विस्तवाला वारा घालते. ज्या घरात धुराडे चांगले ओढते, त्या घरात फुंकणी कोपऱ्यात पडून राहते.

३. निर्धूर चुलीची हकिकत

चुलीला धुराडे हवे, हा विचार आपल्या देशात नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम चाले. तिथे धुराड्याची मगन चूल तयार झाली. हैदराबादच्या संशोधन शाळेचे इंजिनिअर एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीवर १९५३ साली एक पुस्तिका काढली. पुढे १९८० नंतरच्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. २००२ साली तो कार्यक्रम संपला.

मग इतक्या चुली गेल्या कुठे? पुष्कळ मोडल्या, पुष्कळ टाकून दिल्या. चूल बसवून झाली, पण धुराडे झाडायला कोणी शिकवले नाही. काजळीने नळी तुंबली. धूर उलटा घरात आला. बाया म्हणाल्या, "हिच्यापेक्षा आपली जुनी चूल बरी." त्यांचे काय चुकले? न झाडलेले धुराडे हे नसलेल्या धुराड्याहून वाईट.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली. गरीब घरांतल्या बायकांच्या नावाने गॅस मिळू लागला. गॅस मिळत असेल तर स्वयंपाक गॅसवरच करावा. ते सगळ्यांत चांगले. पण जोवर घरात चूलही पेटते आहे, तोवर तिचा धूर बाहेर गेलाच पाहिजे.

गावातल्या एका आजीने आम्हाला विचारले, "मास्तर, धुरानं वासे किडत नाय, मच्छर पलतात. मंग धूर कशाला घालवता?" आम्ही म्हणालो, "आजी, वाशाला डोळे नाहीत, तुम्हाला आहेत. वाशाला छाती नाही, नातवाला आहे. वासा किडला तर दुसरा घालता येतो." आजी हसली. दुसऱ्या दिवशी तिने मुलाला शिडीवर चढवले.

४. पावसाळ्याने काय करून ठेवले?

चार महिने आपण दमट सरपण जाळले. ओल्या लाकडाचा धूर जड असतो. तो धुराड्यात गार होतो आणि आतून चिकटून बसतो. त्याची काळी, डांबरासारखी खपली होते. ही खपली पेट घेते. बाहेरून नळी साफ दिसते आणि आत आगीचे सामान भरलेले असते.

धुराड्यावरची पत्र्याची टोपी गंजते. नळी गंजून भोके पडतात. नळीत गांधीलमाश्या घर करतात, पाखरे काड्या आणून टाकतात. ओलीने चुलीची माती फुगते. मग ऊन पडले की तिला भेगा जातात. त्या भेगांतून धूर घरात येतो. कौले सरकलेली असली तर धुराड्याजवळचा वासा उघडा पडतो. हे सगळे पावसाळ्याचे देणे आहे. ते दिवाळीआधी फेडावे.

५. कामाचा दिवस

एक दिवस ठरवा. हे काम एकट्या बाईचे नाही. चूल सगळ्या घराला जेवू घालते, तेव्हा काम सगळ्या घराचे. शिडीवर चढायचे काम धडधाकट माणसाने करावे. लहान मुलांना छपरावर चढवू नये. इंग्लंडात एके काळी लहान पोरांना धुराड्यात उतरवून ते साफ करून घेत. किती पोरे गुदमरून मेली! शेवटी १८७५ सालच्या कायद्याने ती चाल मोडली. आपण ती चूक मुळातच करू नये.

सामान असे जमवा. एक लांब बांबू. त्याच्या टोकाला घट्ट बांधलेला काथ्याचा कुंचा. एक ओले गोणपाट. झाकणाचा पत्र्याचा डबा. खुरपे, फावडे, झाडू. नाकातोंडाला बांधायला फडके. आणि एक लहान आरसा.

आता कामाचा क्रम पाहा.

पहिले काम. आदल्या दिवशीपासून चूल विझलेली असावी. राखेत निखारा दडून राहतो. एक दिवस उलटला तरी तो जिवंत असू शकतो. राख पत्र्याच्या डब्यात भरा, झाकण लावा, डबा घराबाहेर ठेवा. राख प्लास्टिकच्या पिशवीत किंवा टोपलीत भरू नका. उकिरड्यावर लगेच टाकू नका.

दुसरे काम. चुलीचे तोंड आणि वैलाचे तोंड ओल्या गोणपाटाने झाका. म्हणजे काजळी घरभर उडणार नाही.

तिसरे काम. छपरावर जाण्याआधी विजेच्या तारा कुठे आहेत ते पाहा. ओला बांबू किंवा लोखंडी नळी तारेला लागली तर जीव जाईल. शिडी खालून दुसऱ्याने धरावी. कौलावर पाय देताना वाशावर द्यावा.

चौथे काम. टोपी काढा. कुंचा वरून नळीत घाला. वर-खाली, वर-खाली असा फिरवा. घाई करू नका. नळीला वाक असेल तर तिथे काजळी जास्त बसते. ते वळण उघडून वेगळे झाडा. धुराड्याची नळी जुनी सिमेंटची असेल, तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कापू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. तिची धूळ छातीला घातक असते. तडकली असेल तर ती काढून लोखंडी नळी बसवा.

पाचवे काम. खाली या. गोणपाट हळूच काढा. पडलेली काजळी फावड्याने भरा आणि खड्ड्यात पुरा. आता आरसा घ्या. धुराड्याच्या तळाच्या भोकात तिरका धरा आणि पाहा. आरशात आभाळाचा गोल तुकडा दिसला पाहिजे. आभाळ दिसले, तर वाट मोकळी आहे. आभाळ दिसले नाही, तर पुन्हा वर चढा.

सहावे काम. काम झाले की साबण लावून अंघोळ करा. कपडे वेगळे धुवा. काजळी अंगावर राहू देऊ नये. लंडनचे एक शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली दाखवून दिले की धुराडी झाडणाऱ्यांना काजळीमुळे कर्करोग होतो. काजळी ही नुसती घाण नाही, ते विष आहे.

६. चूल लिंपणे, धुराडे नीट करणे

आता चुलीकडे वळा. सैल माती खुरप्याने खरवडून काढा. भेग रुंद करा, आतली धूळ झटका, मग पाणी शिंपडा. कोरड्या भेगेत ओली माती भरली तर ती धरत नाही, गळून पडते.

आमच्या घरी माती अशी करतात. दोन घमेली चाळलेली चिकण माती, अर्धे घमेले भाताचे तूस आणि थोडे शेण. पाणी घालून रात्रभर भिजवायचे. सकाळी पायाने तुडवायचे. लाडू वळला आणि फुटला नाही, म्हणजे माती तयार. भेग भरून झाली की हाताने गुळगुळीत करायची. दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्यायची. उन्हात घाईने वाळवली तर पुन्हा तडे जातात.

नळी चुलीला जिथे मिळते तो सांधा नीट भरा. सगळ्यांत जास्त धूर तिथूनच निसटतो.

मग धुराड्याची उंची पाहा. नळी कौलातून जिथे बाहेर पडते, तिथून ती किमान तीन फूट वर असावी. दहा फुटांच्या आत आढे किंवा शेजारची भिंत असेल, तर तिच्यापेक्षा दोन फूट उंच असावी. नळी बुटकी राहिली तर वारा धूर खाली ढकलतो.

तापलेली नळी लाकडाला चिकटून नसावी. वासे आणि रिपा नळीपासून हातभर लांब असाव्यात. जिथे नळी छपरातून जाते, तिथे भोवताली पत्रा लावा. फटीत चिंध्या, पेंढा किंवा प्लास्टिक कोंबू नका. शेवटी टोपी घट्ट बसवा. टोपी आणि नळी यांत चार बोटे मोकळी जागा ठेवा. टोपी नळीवर बसून राहिली तर धूर जाणार कुठून?

७. पेटवून पाहा

पहिल्या दिवशी मोठा जाळ करू नका. आधी पारख करा. कागदाची सुरळी पेटवून विझवा. तिचा धूर निघू लागला की ती चुलीच्या तोंडाशी धरा. धूर आत ओढला गेला, तर धुराडे चालते आहे. धूर घरात पसरला, तर कुठेतरी अडले आहे. थंडीच्या पहाटे नळी गार असते, म्हणूनही कधी कधी धूर मागे येतो. तेव्हा आधी थोड्या सुक्या काटक्या जाळून नळी तापू द्या, मग लाकूड घाला.

नव्या मातीची चूल पहिले दोन दिवस मंद ठेवा. ती हळूहळू पक्की होते.

८. सरपण कसे असावे?

धुराडे कितीही झाडा, सरपण ओले असेल तर महिनाभरात ते पुन्हा तुंबेल. लाकूड फोडून रचावे. खाली दगड किंवा दांडे ठेवून जमिनीपासून वर उचलावे. वर पत्रा टाकावा, बाजू उघड्या ठेवाव्यात. वारा खेळला पाहिजे. सुकलेले लाकूड ओळखायला सोपे आहे. ते हलके लागते. त्याच्या टोकांना चिरा पडलेल्या असतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर ठणठण वाजतात. ओले लाकूड ठबठब वाजते.

शीळफाट्याच्या आसपास भंगाराची गोदामे पुष्कळ आहेत. तिथली फळकुटे, प्लायवूडचे तुकडे स्वस्तात मिळतात. कोणी कोणी चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा घालतात. असे कधीही करू नका. रंग, गोंद, रबर आणि प्लास्टिक यांचा धूर फार विषारी असतो. चार आण्यांचे जळण वाचेल आणि चारशेचे औषध लागेल.

९. पेंढा आणि ठिणगी

आपल्याकडे एक अडचण विशेष आहे. धुराडे पेटते तेव्हाच झोडणी झालेली असते. घरामागे पेंढ्याची उडवी उभी राहते. साफ न केलेल्या धुराड्यातून ठिणगी उडाली तर ती नेमकी कुठे पडेल, हे सांगायला नको. उडवी घरापासून शक्य तितकी लांब घाला. वारा ज्या बाजूला वाहतो, त्या बाजूला घालू नका. चुलीजवळ काटक्यांचा ढीग, रॉकेलचा डबा, वाळत घातलेले कपडे ठेवू नका. चुलीपाशी बसताना पदर खोचून घ्यावा. चुलीभोवती तीन हातांत लहान मूल रांगू देऊ नये.

"आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी" अशी म्हण आहे. तशी आपली गत होऊ नये. म्हणून चुलीच्या खोलीत दोन बादल्या भरून ठेवा. एकीत पाणी, एकीत रेती.

१०. बंब, शेगडी आणि गिझर

पाणी तापवायच्या बंबालाही मधोमध नळी असते. तीही झाडावी. बंब अंगणात किंवा उघड्या पडवीत पेटवावा. न्हाणीघरात दार लावून पेटवू नये.

नव्या घरांत न्हाणीघरात गॅसचा गिझर असतो. त्याचाही विस्तवच. न्हाणीघर लहान, दार बंद, झरोका नाही, अशा ठिकाणी गॅसच्या गिझरने माणसे बेशुद्ध होऊन दगावली आहेत. गिझर शक्यतो बाहेर बसवून पाणी नळाने आत घ्यावे. तो आतच असेल तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, थोडा वेळ दार उघडे ठेवा, मग अंघोळीला जा. झरोका कधीही बुजवू नका.

निखाऱ्यांची शेगडी झोपायच्या खोलीत रात्रभर ठेवू नये. बाळंतिणीला ऊब हवी, हे खरे. मग ऊब कशी द्यावी? खोली दिवसा उन्हाने तापू द्या. बाळाला टोपडे, मोजे घाला. बाळाला आईच्या अंगाशी धरून वरून पांघरूण घ्या. आईच्या अंगाची ऊब शेगडीहून चांगली. शेक द्यायचाच असेल, तर जागेपणी, दार उघडे ठेवून, थोडा वेळ द्या आणि शेगडी बाहेर नेऊन ठेवा.

घरातल्या एकाहून अधिक माणसांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर शंका घ्या. दारे उघडा. सगळ्यांना बाहेर उघड्यावर आणा. १०८ नंबरला फोन करा. दृष्ट काढत बसू नका. तेवढा वेळ नसतो.

११. धुराड्यात आग लागली तर

धुराड्यातली काजळी पेटली की घूं घूं असा मोठा आवाज येतो. नळी लाल होते. वरून ठिणग्या उडतात. तेव्हा घाबरू नका. मुलांना, म्हाताऱ्यांना आणि गुरांना आधी बाहेर काढा. चुलीतल्या विस्तवावर रेती किंवा राख टाका. चुलीचे तोंड पत्र्याने झाका, म्हणजे हवा तुटेल. तापलेल्या नळीत पाणी ओतू नका. वाफेने नळी फुटते आणि माणूस भाजतो. पाणी भोवतालच्या छपरावर आणि पेंढ्यावर मारा. अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन करा. हे तीन आकडे कोळशाने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा हा पहिला उपयोग करा.

१२. शेवटचे चार शब्द

धुराडे वर्षातून दोनदा झाडावे. एकदा दिवाळीआधी, एकदा पावसाळ्याच्या तोंडावर. रोज चूल पेटत असेल तर महिन्यातून एकदा आरशात पाहावे. अर्धा दिवस जातो, थोडी माती लागते, पैसा जवळजवळ लागत नाही.

आमची ती सुईण पुढे फार वर्षे जगली. गावात कोणाकडे बाळंतपण असले की ती आधी खिडकीकडे बघे, मग बाळाकडे. तिला कार्बन मोनॉक्साइड हे नाव माहीत नव्हते. आम्हाला माहीत होते. पण दार उघडण्याची अक्कल तिला झाली, आम्हाला झाली नाही. वाचलेले हातात उतरले तर ते ज्ञान. नाहीतर ते फळ्यावरचे खडूचे अक्षर, पुसले की गेले.

तेव्हा आज धडा वाचा आणि उद्या आरसा घेऊन चुलीपाशी बसा. आभाळ दिसते का, ते पाहा.

प्रश्न

१. थंडीत घरातल्या विस्तवाचा धोका का वाढतो?
२. धुराडे कोणती दोन कामे करते?
३. धूर नसलेले निखारेसुद्धा घातक का असतात?
४. सुकलेले लाकूड कसे ओळखावे?
५. धुराड्यात आग लागली तर नळीत पाणी का ओतू नये?

करा आणि लिहा

तुमच्या घरचे धुराडे शेवटी कधी झाडले, ती तारीख आठवून वहीत लिहा. आठवत नसेल, तर उद्याची तारीख लिहा आणि कामाला लागा.